काळ्या तारेचा अर्थ देशागणिक बदलतो

उत्तर अमेरिकेतील घरात राहायला आल्यानंतर पहिल्याच महिन्यात जिन्यावरच्या दिव्याचा स्विच बदलायचा म्हणून मी झाकणाचे स्क्रू काढले, आत काळी तार दिसली आणि हात एकदम निर्धास्त झाला. लहानपणापासून वायरमनच्या शेजारी बसून जे शिकलो त्यात लाल म्हणजे फेज (वीज घेऊन येणारी) आणि काळी म्हणजे न्यूट्रल (परतीची) हे इतके पक्के बसले होते की विचार करायची वेळच आली नाही. तारेला हात लावण्याआधी दोन टोकांचा टेस्टर लावून पाहायची सवय एका जुन्या मिस्त्रींनी लावली होती, म्हणून तेवढा लावला आणि त्यावर १२० व्होल्ट दिसले. वितरण पेटीवर ज्या सर्किटचे नाव लिहिले होते ते मी बंद केले होते, पण ते नाव चुकीचे होते, आणि या देशात काळी तार हीच फेज असते. एकाच वेळी दोन गृहीतके खोटी ठरली होती.

त्या दिवसापासून माझे मत ठाम झाले आहे आणि तेच मांडण्यासाठी हे लिहितो आहे. परदेशात राहणाऱ्या माणसाने घरातली विजेची लहानसहान कामे स्वतः जरूर करावीत, पण आपल्याला काम येते या आत्मविश्वासाचा उगम ज्या देशात आहे त्या देशाचे नियम तिथेच ठेवून यावे. संपूर्ण अडाणी माणूस वायरला हात लावायला घाबरतो, म्हणून तो बहुधा सुरक्षित राहतो. ज्याने आपल्या देशात वीस स्विच बदलले आहेत, त्याला मात्र परकी भिंतही ओळखीची वाटते आणि खरा धोका त्यालाच असतो.

नुसत्या रंगांचे उदाहरण घेतले तरी हे लक्षात येईल. भारतातील घरांत वर्षानुवर्षे लाल, पिवळी आणि निळी या तीन फेजच्या तारा, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची अशी पद्धत चालत आली. युरोपात तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची. म्हणजे आपल्याकडे जी निळी तार तिसरी फेज असू शकते, ती तिथे न्यूट्रल असते. ब्रिटनमध्येही पूर्वी लाल आणि काळी अशीच जोडी होती. २००४ साली त्यांनी युरोपीय रंग आणले आणि २००६ पासून नव्या कामात ते बंधनकारक केले, त्यामुळे तिथल्या अनेक घरांत एकाच भिंतीत दोन्ही पिढ्यांच्या तारा नांदतात. जर्मनीत १९६५ पूर्वीच्या जुन्या वायरिंगमध्ये तर लाल तार ही चक्क अर्थिंगची असे. अमेरिकेत पांढरी न्यूट्रल, पण दिव्याकडून स्विचकडे खाली आणलेल्या दोन तारांच्या जोडीत तीच पांढरी फेज वाहून आणते आणि जुन्या घरांत तिच्यावर तशी काही खूणही नसते. म्हणून रंग पाहून काम करू नये, मापून करावे. नियम पुस्तकात काहीही असो, आधीच्या मालकाने हाताला लागेल ती तार वापरलेली असण्याची शक्यता प्रत्येक देशात सारखीच असते.

व्होल्टेजचा फरक बहुतेकांना माहीत असतो, त्याचा परिणाम किती होतो हे मात्र माहीत नसते. २३० व्होल्टची इस्त्री १२० व्होल्टवर लावली तर ती निम्म्याने नव्हे, तर साधारण पाव शक्तीने तापते, कारण तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. याच हिशोबाने १२० व्होल्टचे तापणारे उपकरण २३० वर लावले तर ते जवळजवळ पावणेचारपट शक्ती ओढू लागते आणि काही क्षणांत जळते. ट्रान्सफॉर्मर आणून व्होल्टेज जुळवता येते, पण वारंवारिता (हर्ट्झ) त्याने बदलत नाही. साठ हर्ट्झसाठी बनवलेली साधी मोटर पन्नास हर्ट्झवर सावकाश फिरते आणि व्होल्टेज तेवढेच राहिले तर जास्त तापते. मोबाईल आणि लॅपटॉपचे चार्जर ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे लिहिलेले असल्याने कुठेही चालतात, आणि त्यांच्यामुळेच आपला गैरसमज होतो की पिन बदलणारा अडॅप्टर लावला की सगळेच चालेल. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो. सगळ्या देशांच्या पिना घेणारे जे सॉकेट मिळतात, त्यांत मला विशेष आक्षेप वाटतो तो अर्थिंगचा. जर्मन पद्धतीच्या प्लगला अर्थिंग कडेच्या पट्ट्यांतून मिळते, आणि त्या सॉकेटमध्ये त्या पट्ट्यांना टेकायला काहीच नसते. प्लग बसतो, उपकरण चालते आणि धातूचे आवरण असलेले यंत्र अर्थिंगशिवाय वापरले जात आहे हे कोणाला कळतही नाही.

इंटरनेटवरचे व्हिडिओ हा यातला आणखी एक मोठा सापळा आहे. शिकवणारा माणूस प्रामाणिक असतो आणि त्याचे काम त्याच्या देशात बरोबरही असते, पण तो कोणत्या देशात उभा आहे हे व्हिडिओच्या नावात नसते. इंग्लंडमधील घरात सॉकेटचे सर्किट वर्तुळासारखे फिरून पुन्हा पेटीत येते, ते ३२ अँपियरच्या एमसीबीवर (जादा प्रवाह आला की आपोआप ‘पडून’ वीज तोडणाऱ्या स्विचवर) असते आणि म्हणून तिथल्या प्रत्येक प्लगमध्ये स्वतःचा फ्यूज असतो. ही पद्धत पाहून दुसऱ्या देशात, जिथे प्लगमध्ये फ्यूज नाही, तिथे कोणी मोठा एमसीबी बसवला तर पातळ वायर जळेपर्यंत तो पडणार नाही. मी आता कोणताही व्हिडिओ पाहताना आधी सॉकेटचा आकार पाहतो आणि तो माझ्या भिंतीतल्यासारखा नसेल तर पुढे पाहत नाही.

खरेदीबाबत मी अधिक विस्ताराने लिहितो, कारण परक्या देशात नवीन आलेल्या माणसाचा कल साहजिकच ऑनलाइन खरेदीकडे असतो. दुकानात जाऊन वस्तूचे नाव तिथल्या भाषेत सांगता येत नाही, काउंटरवरचा माणूस घाईत असतो, आणि घरी बसून चित्र पाहून मागवणे सोपे वाटते. पण विजेच्या सामानात चित्रावरून जवळजवळ काहीच कळत नाही. एमसीबीवर अँपियरच्या आकड्याआधी लिहिलेले बी किंवा सी हे अक्षर चित्रात दिसतही नाही. बी प्रकारचा एमसीबी शॉर्ट सर्किटच्या वेळी रेटिंगच्या तीन ते पाचपट प्रवाहाला तात्काळ पडतो, सी प्रकारचा पाच ते दहापट प्रवाहाला. विजेच्या गळतीपासून, म्हणजे शॉकपासून, वाचवणारे साधन आपल्याला एकच वाटते, पण पेटीत बसणारे, आरसीसीबी नावाचे साधन बहुधा ३० मिलिअँपियरला पडते, तर अमेरिकेतील सॉकेटमध्येच बसवलेले साधन ४ ते ६ मिलिअँपियरला. नुसती आरसीसीबी जादा भारापासून संरक्षण देत नाही, त्यासाठी एमसीबी वेगळाच लागतो, ही साधी गोष्टही विक्रीच्या पानावर कोणी लिहीत नाही. स्मार्ट स्विच मागवणाऱ्यांपैकी अनेकांना तो हातात आल्यावर कळते की त्याला न्यूट्रल लागते आणि त्यांच्या स्विचच्या पेटीत न्यूट्रल आलेलेच नाही. पेटीचा आकारही जुळत नाही: युरोपात गोल, ब्रिटनमध्ये चौकोनी, अमेरिकेत उभी आयताकृती. स्विच मागवण्याआधी जुना स्विच काढून आतल्या तारा मोजाव्यात आणि पेटीची खोली पट्टीने मापावी. हे दहा मिनिटांचे काम आहे.

माझी स्वतःची फसवणूक वायरमध्ये झाली. तेव्हा मी युरोपात राहत होतो. अडगळीच्या खोलीत एक सॉकेट वाढवायचे होते, भिंतीत पाइप आधीच होता, म्हणून एका मोठ्या संकेतस्थळावरच्या विक्रेत्याकडून २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरच्या पंचवीस मीटरच्या तीन गुंडाळ्या मागवल्या. पानावर शेकडो चांगले अभिप्राय होते, वायरवर प्रमाणपत्राची अक्षरे छापलेली होती. खोके उचलले तेव्हाच ते हलके वाटले. तांब्याची घनता माहीत असेल तर हिशोब सोपा आहे: २.५ चौरस मिलिमीटरच्या एक मीटर तारेत सुमारे २२ ग्रॅम तांबे असते, म्हणजे पंचाहत्तर मीटरमध्ये नुसते तांबेच पावणेदोन किलोच्या जवळ जायला हवे. तीनही गुंडाळ्या वरच्या प्लास्टिकसह सव्वा किलोच्या आसपास भरल्या. चाकूने तार खरवडली तेव्हा तांबूस थराखाली पांढुरका धातू दिसला. ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार होती.

अशी तार लगेच काही दगा देत नाही, म्हणूनच ती अधिक वाईट आहे. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा बराच जास्त असल्याने ती भाराखाली अधिक तापते, स्क्रूखाली दाबली की हळूहळू चेपते आणि जोड सैल होतो, सैल जोड आणखी तापतो. हे भिंतीच्या आत काही वर्षे चालू राहते आणि त्या घरात तेव्हा कोण झोपलेले असेल हे विकणाऱ्याला कधी कळणार नाही. मी तक्रार केली, पैसे तत्परतेने परत मिळाले, पण पुढच्या महिन्यात पाहिले तेव्हा तीच वायर त्याच चित्रासह विक्रीला होती. या गोष्टीचा मला आजही राग येतो. पैसे परत करणे म्हणजे जबाबदारी संपली असे विजेच्या सामानात मानता येणार नाही, कारण ज्या ग्राहकांनी वजन केले नाही त्यांच्या भिंतीत ती वायर बसलेली आहे.

प्रमाणपत्राच्या खुणांबद्दलही तेव्हाच नीट वाचले. युरोपातील ‘सीई’ ही खूण अशा बहुतेक घरगुती सामानावर उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. ती दिसली म्हणजे कोण्या त्रयस्थाने तपासणी केली असा अर्थ होत नाही. अमेरिकेतील ‘यूएल’, जर्मनीतील ‘व्हीडीई’ किंवा आपले ‘आयएसआय’ चिन्ह यांमागे त्रयस्थ तपासणी असते. ही चिन्हेही खोटी छापता येतात, पण सोबतचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो आणि क्रमांकच नसेल तर ते चिन्ह नसल्यासारखे समजावे.

त्यानंतर मी एक रेघ आखली आणि ती मोडलेली नाही. भिंतीच्या आत कायमचे राहणारे जे काही आहे, म्हणजे वायर, एमसीबी, आरसीसीबी, सॉकेट, जोड लावायचे कनेक्टर, ते मी त्याच देशातील विजेच्या सामानाच्या घाऊक व्यापाऱ्याकडून घेतो, मग भाव जास्त असला तरी चालेल. त्याचे संकेतस्थळ असेल तर तिथूनही घेतो, कारण माल त्याने स्वतः उत्पादकाकडून उचललेला असतो आणि उद्या विचारायला पत्ता असतो. पेटीतला एमसीबी तर पेटीच्या उत्पादकाने सांगितलेलाच घ्यावा. दुसरा कधी कधी आधाराच्या पट्टीवर बसतो, पण आतल्या तांब्याच्या पट्टीला नीट टेकत नाही. भिंतीच्या बाहेर राहणारे, प्लग काढून हातात घेता येईल असे सामान मी कुठूनही मागवतो. मायदेशातून सामानात घालून आणलेले स्विच आणि सॉकेट मात्र पूर्णपणे बंद केले. आपल्या हाताला सवयीचे म्हणून आणलेले सॉकेट पुढच्या भाडेकरूच्या हाताला परके असते, आणि तपासणीला आलेल्या माणसाला ते मान्य करता येत नाही.

मोजण्याच्या साधनात कंजुषी करू नये. स्क्रूड्रायव्हरसारख्या टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे तार मेली असे नसते; लाकडी जमीन आणि रबरी बूट असले तर तो फसवू शकतो. दोन टोकांचा टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून पाहावा, मग कामाच्या तारेवर, मग पुन्हा चालू सॉकेटवर. मधल्या काळात टेस्टरच बिघडला नाही ना, हे शेवटच्या मापाने कळते.

कायद्याचा भाग देशागणिक फार वेगळा आहे. ऑस्ट्रेलियात परवाना नसलेल्या माणसाने घराच्या वायरिंगला हात लावणे बेकायदेशीर आहे. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये स्वतःच्या घरात राहणाऱ्याला काही मर्यादित कामे करता येतात. इंग्लंडमध्ये २००५ पासून नवे सर्किट टाकणे किंवा पेटी बदलणे अशी कामे कळवावी लागतात, आणि अमेरिकेत बहुतेक गोष्टी स्थानिक प्रशासनाच्या परवान्यावर ठरतात. भाड्याच्या घरात मालकाची लेखी परवानगी ही त्याहून आधीची पायरी. आग लागलीच तर विमा कंपनी पहिल्यांदा विचारते की हे काम कोणी केले, आणि परदेशी माणसाला त्या प्रश्नाचे उत्तर कागदावर देता आले पाहिजे.

जिन्यावरचा तो स्विच मी शेवटी स्वतःच बदलला. पण पेटीवरची नावे चुकीची निघाल्यामुळे पेटीच्या कामाला परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलावले आणि तो काम करत असताना दोन तास शेजारी उभा राहून प्रत्येक सर्किट कुठे जाते ते विचारून घेतले. दुसऱ्या दिवशी एकेक सर्किट बंद करून घरभर फिरलो, खोलीनुसार नीट यादी केली आणि पेटीच्या दाराच्या आत चिकटवली, तारीख घालून, तिथल्या भाषेत.