नॉर्थ ऑफ स्कॉटलंड कप बंद करा म्हणणाऱ्यांसाठी

आज दुपारी इथल्या, म्हणजे उत्तर स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेस शहरातल्या, मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी फक्त एवढेच विचारले होते, की संध्याकाळी ग्रँट स्ट्रीट पार्क मैदानावर नॉर्थ ऑफ स्कॉटलंड कपचा, म्हणजे या भागातल्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या फुटबॉल स्पर्धेचा, सामना आहे, कोणी येणार का. उत्तर आले, "ताई, तो मोठ्या क्लबांच्या राखीव पोरांचा कप आहे. असले कप आता बंदच करायला हवेत. घरी बसून टीव्हीवर खरा फुटबॉल बघा." त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी गटावर काही लिहिले नाही. पण सामना बघून, पुरती भिजून घरी आले, केस पुसले, चहा झाला, तरी राग उतरलेला नाही, म्हणून येथे सविस्तर लिहिते आहे.

मी इन्व्हर्नेसला आले तेव्हा पहिले काही महिने रुग्णालय आणि भाड्याची खोली यांपलीकडे माझे जग नव्हते. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी कामाची पाळी संपवून नदीपलीकडे चालत असताना घरांच्या छपरांवरून मैदानाचे दिवे दिसले आणि पाठोपाठ पंचाची शिट्टी ऐकू आली. कोल्हापूरच्या माणसाला ती शिट्टी ऐकल्यावर सरळ पुढे जाता येत नाही. दारावर एक आजोबा बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा घेऊन बसले होते. डब्यात नाणी, आणि नोटा उडू नयेत म्हणून त्यांच्यावर एक गुळगुळीत दगड. मी पैसे काढले तर म्हणाले, "अर्धा सामना संपला, आता कसले पैसे? जा आत." बरोबरी सुटेना, सामना पेनल्टींच्या टायब्रेकरवर गेला, तसे ते डबा घेऊन माझ्याशेजारी आले आणि मैदानाकडे चक्क पाठ करून उभे राहिले. म्हणाले, "मला बघवत नाही. तू सांगत जा." प्रत्येक फटक्याला ते भिंतीकडे बघत विचारायचे, "झाला?" आणि मी सांगायची, "झाला," किंवा "अडवला." मी या शहरात कोणाशी तरी मनापासून बोलले असेन तर ते त्या दोन शब्दांत. आम्ही हरलो. होय, तेव्हाच मी "आम्ही" म्हणू लागले. आजोबांनी डब्याचे झाकण दाबून बसवले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी आहेच की."

ते मैदान म्हणजेच ग्रँट स्ट्रीट पार्क, आणि तिथल्या क्लबचे नाव क्लॅकनाकडिन, सगळे क्लॅक म्हणतात. गेलिक भाषेत त्याचा अर्थ टबांचा दगड. नेस नदीवरून टब वाहून नेणाऱ्या बायका ज्या दगडावर टब टेकवून दम घ्यायच्या, तो दगड आजही इन्व्हर्नेसच्या टाउन हाउससमोर आहे. पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्यांवर धुण्याच्या बादल्या टेकवून घटकाभर बोलत उभ्या राहणाऱ्या बायका बघत मी मोठी झाले आहे, त्यामुळे दमलेल्या बायकांच्या विसाव्याचे नाव लावणाऱ्या क्लबवर जीव जडला नसता तरच नवल. १८८५ साली स्थापन झालेला हा क्लब १८९३-९४ मध्ये हायलँड लीगचा, म्हणजे उत्तरेतल्या क्लबांच्या साखळी स्पर्धेचा, पहिला विजेता ठरला. आणि ज्या कपाला आज राखीव पोरांचा म्हणून हिणवले गेले, तो १८८० च्या दशकातला, म्हणजे त्या लीगपेक्षाही जुना आहे.

हा कप कोणासाठी आहे, हे नकाशा समोर धरल्याशिवाय कळत नाही. विक हे गाव इन्व्हर्नेसपासून सुमारे १६५ किलोमीटर उत्तरेला, मुख्य भूमीच्या जवळजवळ टोकाला. फोर्ट विल्यम इन्व्हर्नेसच्या नैर्ऋत्येला, लॉख नेसच्या कडेकडेने जाणाऱ्या रस्त्याने १०० किलोमीटरहून थोडे अधिक. शिवाय ब्रोरा, नेर्न, फॉरेस, लॉसिमथ, आणि व्हिस्कीच्या भट्ट्यांचे गाव रॉथेस. दिवसभर सुतारकाम, मासेमारी, गाडीचालकाची नोकरी करून ही मुले संध्याकाळी बसमध्ये बसतात, ९० मिनिटे चिखलात धावतात, मध्यरात्रीनंतर घरी पोचतात आणि सकाळी पुन्हा कामावर हजर होतात. मोठ्या शहरांच्या क्लबांना १९९४ पर्यंत या भागातला एकही क्लब आपल्या राष्ट्रीय लीगमध्ये नको होता. त्या साली डिंगवॉल गावचा रॉस काउंटी आणि इन्व्हर्नेसमधले दोन जुने क्लब एकत्र करून उभा केलेला नवा क्लब यांना प्रवेश मिळाला. त्याच्या आधी शंभर वर्षे या माणसांनी आपला फुटबॉल आपल्या हिमतीवर जगवला, आणि त्यात या कपाचा वाटा मोठा आहे.

मोठे क्लब या कपात राखीव खेळाडू उतरवतात, हे खरे आहे. मी ते नाकारत नाही. त्यातून कोवळ्या मुलांना अंगापिंडाने थोराड माणसांसमोर खेळायला मिळते, हेही एक वेळ मान्य. पण मग दोष कपाचा कसा? आपल्या घरच्या कार्याला कोणी थोरला स्वतः न येता पोराला पाठवत असेल, तर आपण कार्यच रद्द करतो का? मला खरा संताप याचा आहे, की पाहुण्याच्या वागण्यावरून यजमानाची किंमत ठरवली जाते, आणि ती ठरवणारे एकदाही त्या दारातून आत गेलेले नसतात.

फोर्ट विल्यमची गोष्ट मी गटावर अनेकदा सांगितली आहे, तरी पुन्हा सांगते. बेन नेव्हिस डोंगराच्या पायथ्याशी, धो धो पावसाच्या गावातला हा संघ २०१८-१९ च्या हंगामात हायलँड लीगच्या ३४ सामन्यांत एकदाही जिंकला नाही. त्यांच्यावर २४५ गोल झाले, अपात्र खेळाडू खेळवल्याबद्दल ९ गुण कापले गेले आणि हंगामाच्या अखेरीस खात्यावर उणे ७ गुण राहिले. ब्रिटनमधला सर्वांत वाईट संघ म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांची चित्रे छापली. तरीही ते दर आठवड्याला अकरा माणसे उभी करत राहिले. आणि २०१९ च्या उन्हाळ्यात, ८४० दिवसांनंतर, त्यांनी नेर्न काउंटीला ५-२ असे हरवले. तो विजय कोणत्या स्पर्धेत मिळाला? याच कपात. पुढे २०२२ मध्ये ते हायलँड लीगमधून खाली गेले, हे मला माहीत आहे. पण त्या संध्याकाळी त्या गावात काय झाले असेल, हे समजायला त्या गावचेच असावे लागते, किंवा निदान आपल्या गावाचा एखादा संघ तरी असावा लागतो.

माझा होता. वडिलांचे बोट धरून मी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसले आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस ही नावे मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. पेठेपेठेच्या त्या बाद पद्धतीच्या स्पर्धांतून कोणी जगज्जेता होणार नव्हता, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरी निर्णायक पेनल्टीच्या वेळी माझे वडील, ज्यांचा आवाज घरात कधी चढला नाही, उभे राहून थरथरत असत. त्यांना कोणी सांगितले असते, की अण्णा, घरी बसून युरोपचा फुटबॉल बघा, तर ते काहीच बोलले नसते. फक्त पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच जाऊन बसले असते.

बंद करणे फार सोपे असते. एके काळी या छोट्या क्लबांना राष्ट्रीय स्कॉटिश कपात जाण्यासाठी क्वालिफाइंग कप खेळावा लागे, उत्तरेचा वेगळा आणि दक्षिणेचा वेगळा. २००७ मध्ये तो बंद करून सर्व पात्र क्लबांना थेट प्रवेश देण्यात आला. त्याने छोट्या क्लबांचा फायदा झाला, हे मान्य करते. ब्रोराने २०२१ मध्ये हार्ट्ससारख्या बलाढ्य क्लबाला २-१ ने घरी पाठवले, तेव्हा मीही नाचले होते. पण क्वालिफाइंग कप उंचावण्याचा तो एक दिवस त्या गावांच्या हातून गेला, त्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. त्या कपाच्या शेवटच्या वर्षी हरलेल्या संघाला कोणी "पुढच्या वर्षी आहेच की" असे म्हणू शकले नाही, एवढेच माझ्या मनात राहते.

आणि ज्याला खरा फुटबॉल म्हणतात, त्याचेही बघा. २०१५ मध्ये राष्ट्रीय कप जिंकून या शहराला डोक्यावर घेणारा आपला मोठा क्लब, म्हणजे १९९४ मध्ये प्रवेश मिळालेला तोच एकत्र केलेला इन्व्हर्नेसचा क्लब, ऑक्टोबर २०२४ मध्ये पैशांअभावी प्रशासकाच्या हाती गेला. मला त्याचा आनंद नाही, माझ्या कित्येक सहकाऱ्यांचा जीव त्या क्लबात आहे. पण त्या दिवसांतही इकडे डबा घेऊन आजोबा दारावर बसले होते.

आज ते दारावर नव्हते. तिथे एक मुलगी कार्डाचे यंत्र घेऊन उभी होती, आणि माझ्या पोटात धस्स झाले. मग ते छपराखाली खुर्चीवर दिसले, गुडघ्यांवर घोंगडी आणि मांडीवर तोच डबा. आता त्यात नाणी नाहीत, लॉटरीची तिकिटे असतात. आज टायब्रेकरची वेळ आली नाही, आम्ही एका गोलने जिंकलो, आणि त्यांनी अख्खा सामना मैदानाकडे तोंड करून बघितला.

लिहिता लिहिता राग बराच निवळला आहे. ज्याने दुपारी तो संदेश पाठवला, तो मुलगा मार्चमध्ये नाशिकहून आला आहे, एकटा राहतो, बहुधा रोज रात्री खोलीत लॅपटॉपसमोर जेवतो. मीही तशीच जेवत होते. त्या हसऱ्या चेहऱ्यांमागे कोणाच्या मनात वाईट नसेल, हे मला कळते.

तर पुढची फेरी उत्तरेला आहे, ब्रोराच्याही पलीकडे. शनिवारी सकाळी दहाला माझ्या घरासमोरून गाडी निघेल. मागे दोन जागा रिकाम्या आहेत, पुढची जागा मी नाशिकच्या त्या मुलासाठी राखून ठेवली आहे. रेनकोट आणा, छत्री वाऱ्यापुढे टिकणार नाही. खायला मी थालीपीठ आणि शेंगदाण्याची चटणी घेणार आहे. आजोबांना आता एवढा प्रवास झेपत नाही, म्हणून टायब्रेकर लागला तर फोन करायचे मी त्यांना कबूल केले आहे. एकेक फटका सांगावा लागेल, तेव्हा कोणी तरी माझ्या डोक्यावर काही तरी धरा, फोन भिजता कामा नये.