साकवाचे बिल कुणी बघायचे?

गोव्यातल्या डिचोलीहून धाकट्या भावाने रविवारच्या ग्रामसभेचा व्हिडिओ पाठवला. व्हाळावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, दोन पावसांत खचला, त्याचे बिल आणि मेजरमेंट बुक (कामाच्या मोजमापाचे पुस्तक) दाखवा, एवढीच लोकांची मागणी होती. पाऊण तास आवाज चढत गेले. शेवटी उत्तर मिळाले, "माहिती हक्काखाली अर्ज करा."

मी स्विंडनमध्ये राहतो. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याप्रमाणे दरवर्षी कामकाजाचे ३० दिवस कौन्सिलचे, म्हणजे स्थानिक संस्थेचे, दप्तर लोकांसाठी उघडे असते. जमाखर्च, करार, बिले, व्हाउचर, पावत्या, सगळे. खासगी तपशील आणि काही व्यापारी गुपिते तेवढी झाकतात. का बघायचे आहे, हे सांगावे लागत नाही. मतदार लेखापरीक्षकाला प्रश्न विचारू शकतो, एखाद्या खर्चावर रीतसर हरकतही घेऊ शकतो. आमच्या शेजारचे निवृत्त बसचालक एकदा मुलांच्या बागेच्या दुरुस्तीची बिले बघून आले. गैर काही सापडले नाही. पण त्यानंतर त्या बागेबद्दल कुणी वावगे बोलले की ते आकड्यानिशी उत्तर देतात. हिशेब उघडा असला की चोर सापडतो, तसा प्रामाणिक माणूसही संशयातून सुटतो. आमच्या पंचांना ही गोष्ट कळली तर दप्तर उघडायची घाई त्यांनाच होईल.

इंग्लंडचे सगळे नीट चालले आहे असे मात्र मी म्हणणार नाही. २०२२-२३ च्या हिशेबांचे लेखापरीक्षण सप्टेंबर २०२३ च्या मुदतीत पुरे झालेल्या स्थानिक संस्था शंभरात जेमतेम एक होत्या. त्याच महिन्यात बर्मिंगहॅमसारख्या प्रचंड कौन्सिलने जमाखर्चाचा मेळ बसत नसल्याची नोटीस काढली. दप्तर बघायचा हक्क तिथेही होता, पण तपासणारा वेळेवर आला नाही तर तो हक्क लंगडा पडतो.

म्हणून गावाकडच्या वादात मी मुदतीवर अडून बसतो. घरच्या व्हॉट्सॲप गटावर राज्याचे कर्ज, गृहिणींसाठीची गृह आधार योजना, इफ्फी या चित्रपट महोत्सवाचा खर्च यांवर रोज भांडण होते आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो. कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल राज्यपालांमार्फत विधानसभेपुढे ठेवावा असे घटनेचे कलम १५१ सांगते, पण किती दिवसांत, ते सांगत नाही. मग ज्या खर्चावर तो बोलतो तो खर्च लोक विसरूनही गेलेले असतात. माहिती हक्काचा कायदा गोव्याने १९९७ मध्येच केला, देशाच्या आठ वर्षे आधी. मला त्याचा अभिमान आहे. तरी अर्ज केला तरच कागद बाहेर येतो, आणि अर्ज करणाऱ्याकडे गाव भांडखोर म्हणून बघतो.

आपल्याला हे शिकायला विलायतेला जायची गरजही नव्हती. बार्देशातल्या माझ्या आजोळी गावकरीची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची, जोण (उत्पन्नातला वाटा) मिळायची. शेतांचा लिलाव व्हायचा, गावचा खर्च वजा व्हायचा, उरलेले गावकारांत वाटले जायचे. त्या व्यवस्थेत सगळ्यांना वाटा नव्हता, हा तिचा मोठा दोष. पण वाटा ज्याचा, तो हिशेब विचारणारच, यात कुणाला उद्धटपणा दिसत नव्हता.

आज तर वाटा सगळ्यांचा आहे. २०१४ च्या खाण निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिज विक्रीच्या १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितली, पुढच्या पिढ्यांसाठी. आमच्या तालुक्याचे डोंगर पोखरून आलेला तो पैसा. त्याचा ताळेबंद खाणपट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामसभेत दरवर्षी मोठ्याने वाचला गेला पाहिजे. आणि साकवासारख्या कामाचे मेजरमेंट बुक वर्षातून ३० दिवस पंचायत घरात टेबलावर असले पाहिजे. नुसत्या बिलावरून रक्कम कळते. काँक्रीट किती घातले, सळी किती वापरली, ते त्या पुस्तकात असते.

भावाने सोमवारी अर्ज दिला. उत्तराला कायद्याने ३० दिवस आहेत. तोवर वाड्यावरची मुले माडाच्या ओंडक्यावरून व्हाळ ओलांडून शाळेत जात आहेत.