गरोदरपणातल्या उलट्यांबद्दल फिरणारा मेसेज चुकीचा आहे

‘उलट्या जितक्या जास्त, तितकं बाळ गुटगुटीत, गोळी घेतली तर बाळात व्यंग येतं,’ असा मेसेज सोलापुरातल्या बायकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो खरा नाही. मी प्रसूती विभागात नर्स आहे, अशा बायका रोज बघते.

व्यंगाची भीती थॅलिडोमाइडपासूनची. गरोदर बायकांना मळमळीवर ते दिलं जायचं आणि त्याने बाळांमध्ये व्यंग आलं. ते औषध १९६१ मध्येच बाजारातून काढायला लागले. आज डॉक्टर बहुधा डॉक्सिलामाइन हे उलटीवरचं औषध आणि बी-६ जीवनसत्त्व यांची एकत्र गोळी देतात. ती लाखो गरोदर बायकांनी घेतली आहे, व्यंगाचं प्रमाण त्याने वाढलेलं दिसलं नाही.

थोडी मळमळ बहुतेकींना होते. पण घोटभर पाणीही पोटात ठरत नाही, लघवी कमी आणि गडद, उभं राहिलं की घेरी, पन्नास किलोची बाई साडेसत्तेचाळीसवर आली, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आपल्या उन्हाळ्यात अंगातलं पाणी फार लवकर आटतं. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

फोडणीच्या वासानेही तिला ढवळतं, हा नखरा नाही. जीडीएफ-१५ या हार्मोनशी त्याचा संबंध २०२३ च्या संशोधनात दिसला. सासूबाईंनो, तिला चुलीपुढे बसवू नका.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हे टाका.