ओरडल्याने ॲव्हलांच (हिमस्खलन) येत नाही

गुलमर्गला स्कीइंगला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की डोंगरात ओरडू नका, आवाजाने बर्फ कोसळतो, बाकी काही भीती नाही. हे चूक आहे हो! माणसाच्या आवाजात तेवढा जोरच नसतो. बर्फाच्या थरांत खाली एखादा कच्चा, साखरेसारखा भुसभुशीत थर असतो, त्यावर ताजा बर्फ किंवा वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ बसतो आणि आपलं वजन पडलं की वरच्या बर्फाची अख्खी लादी सुटून खाली घसरते, त्यात ३० ते ४५ अंशांचा उतार सगळ्यात वाईट. ॲव्हलांचमध्ये अडकलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ती लादी त्यांनी स्वतः किंवा सोबतच्यांनीच सोडवलेली असते. पायाखाली 'धप्प' आवाज आला तर मात्र तो कच्चा थर खचतोय असं समजा आणि लगेच मागे फिरा, प्लीज.