बदलीवाल्यांची नवी रांग

गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याची डिलिव्हरी अ‍ॅपवरची आयडी ब्लॉक झाली. बी.कॉम. झालेला पोरगा, दोन वर्षं दादर-परळ पट्ट्यात बाइकवरून किराणा पोचवतोय. एका गिऱ्हाइकाने सामान मिळालंच नाही म्हणून तक्रार केली आणि याचं लॉगिन बंद. कोणाला भेटायचं, कुठल्या ऑफिसात जायचं, काही कळेना. तीन दिवस मोबाइलकडे बघत घरात बसून होता.

माझे वडील लालबागला कापड गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात. पहिली सात वर्षं बदली. भोंग्याआधी गेटवर उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर त्याच्या जागी काम, नाहीतर घरी परत. भरलेला डबा घेऊन वडील दारात दिसले की आई काही विचारायची नाही. हाल होते, त्यांचं कौतुक मला करायचं नाही. पण भांडायला समोर जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता, पाठीशी माणसं होती आणि आज ना उद्या परमनंट होऊ ही आशा होती. १८ जानेवारी १९८२ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीच्या जोडीला बदलीवाल्यांना कायम करा ही मागणीसुद्धा होती. पुढचं गिरणगावाला सांगायला नको. गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरांत आज भाचा पिशव्या पोचवतो.

मुंबईत काम नाही असं मी म्हणत नाही. डिलिव्हरी, सिक्युरिटी, हाउसकीपिंग, ड्रायव्हर, सगळीकडे माणसं हवीच आहेत. नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालात २०२०-२१ साली देशात ७७ लाख गिग कामगार, म्हणजे भाच्यासारखे कायम नोकरीशिवाय सुटं काम करणारे, धरले होते आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असा अंदाज दिला होता. कामाला माणूस हवा, पण त्याची जबाबदारी कोणालाच नको, याचा मला संताप येतो.

आणि महाराष्ट्राने तरी हा प्रश्न अवघड आहे असं म्हणू नये. मस्जिद बंदरचा हमाल एका दिवसात चार व्यापाऱ्यांची पोती उचलायचा. मग त्याचा मालक कोण? अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९चा माथाडी कायदा आला आणि उत्तर मिळालं. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक टक्के रक्कम, माथाडी मंडळात भरायची, मंडळाने हमालाला पगार, फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी द्यायचं. १९८१मध्ये सिक्युरिटी गार्डसाठीही याच धर्तीवर कायदा झाला. पुढे माथाडीच्या नावाखाली बोगस टोळ्या शिरल्या हे खरं आहे, पण त्यांचा बंदोबस्त करावा, कल्पना कशाला टाकून द्यायची?

राजस्थानने २०२३मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला. कर्नाटकाच्या २०२५च्या कायद्यात तर कामावरून काढण्याआधी लेखी कारण आणि नोटीस द्यावी लागते. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपन्यांनी या कामगारांच्या निधीत उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यायची तरतूद आहे. निधी हवाच. पण भाच्याला त्या तीन दिवसांत, आपलं म्हणणं ऐकून घेणारा एक माणूस हवा होता. माथाडी मंडळात सरकार, मालक आणि कामगार एका टेबलाशी बसतात. रायडरांसाठी तसं मंडळ मुंबईत का नको?

चौथ्या दिवशी आयडी सुरू झाली. का बंद केली होती ते कोणी सांगितलं नाही, बुडलेल्या दिवसांचे पैसेही मिळाले नाहीत. आज सकाळी साडेसहालाच तो बाहेर पडला.