क्लिअर करून दे ना जरा

आमच्याकडे प्रत्येकाला एकेक खातं वाटून दिलेलं आहे. धाकट्या काकांकडे रेल्वेची तिकिटं, वहिनीकडे डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटी, मामेभावाकडे गाडी कुठली घ्यावी हा विषय, आणि माझ्याकडे फोटो क्लिअर करून देणे. हे खातं मी मागितलेलं नाही. कधीतरी एका बारशाचा अंधारलेला फोटो लॅपटॉपवर उजळून दिला, तो बघून आत्या म्हणाली "अगं बाई, हिला येतं की!", झालं, तेव्हापासून जावळापासून एकसष्टीपर्यंत घरातल्या सगळ्या कार्यांचे फोटो माझ्या दारात येऊन पडतायत.

आता अंधारलेला फोटो असेल तर काम सोपं असतं, उगाच खोटं कशाला बोलू. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला 0 ते 255 मधला एक आकडा असतो, 0 म्हणजे ठार काळा, 255 म्हणजे पांढराफटक, आणि मरगळलेल्या फोटोत सगळे ठिपके मधेच कुठेतरी 80 ते 150 च्या दरम्यान कोंबलेले असतात, दोन्ही टोकं रिकामी. फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी लेव्हल्स नावाची सोय असते, तिथे जाऊन त्यांना दोन्हीकडे ताणलं की फोटो खाडकन जागा होतो. बघणाऱ्याला जादू वाटते, पण लोकलच्या दारात अडकलेल्यांना "आत सरका, आत जागा आहे" म्हणण्यापलीकडे मी काही केलेलं नसतं.

खरी डोकेदुखी क्लॅरिटीची. म्हणजे सॉफ्टवेअर काय करतं, तुमच्या फोटोची एक मुद्दाम धूसर केलेली कॉपी घेतं, ती मूळ फोटोतून वजा करतं, उरतात त्या नुसत्या कडा आणि बारकावे, ते परत मूळ फोटोवर चढवतं, त्यामुळे कडेची काळी बाजू आणखी काळी होते आणि उजळ बाजू आणखी उजळ. हा परिणाम कडेपासून किती पिक्सेल, म्हणजे ठिपके, पसरवायचा तो रेडियस, आणि किती जोरात करायचा ती अमाउंट. रेडियस एकदोन पिक्सेल ठेवला तर फोटो धारदार होतो, चाळीसपन्नास ठेवून अमाउंट कमी ठेवली तर एकूणच उठाव येतो. ही युक्ती कॉम्प्युटरच्या आधीची आहे बरं का, डार्करूममध्ये हाताने करायचे. डेव्हिड मालिन नावाच्या गृहस्थांनी ऑस्ट्रेलियातल्या वेधशाळेत काचेच्या प्लेटांवर हेच करून दीर्घिकांमधले असे बारकावे बाहेर काढले जे साध्या प्रिंटवर दिसतच नव्हते. आणि मी त्याच तंत्राने आत्याच्या पैठणीवरचा मोर बाहेर काढते.

तर तो मोर. "अगं पदरावरचा मोर दिसतच नाहीये, एवढी महागाची साडी," असा आत्याचा फोन आला. मी क्लॅरिटी अधिक 40 केली, मोर आला, पिसांसकट आला, पण मोराबरोबर आत्याच्या कपाळावरच्या आठ्याही आल्या कारण सॉफ्टवेअरला मोर कुठला आणि आठी कुठली ते कळत नाही, त्याच्या लेखी दोन्ही कडाच. "हे काय केलंस गं? मी अशी दिसते?" आता यावर काय बोलणार, आत्या आहे. मग मास्क करून, म्हणजे फोटोचे भाग वेगवेगळे निवडून, पदराला अधिक 40, चेहऱ्याला उणे 30. पाठवला. पाच मिनिटांनी मेसेज, "छान झालाय, नैसर्गिक वाटतो."

लग्नाच्या ग्रुप फोटोत तर हे प्रकरण फारच चिघळतं. तीसेक डोकी असतात आणि प्रत्येक जण फोटो आला रे आला की दोन बोटांनी मोठा करून फक्त स्वतःला बघतो. काकांचं म्हणणं, क्लॅरिटीमुळे त्यांचे केस मोजता येतात (येतात, पण त्यात क्लॅरिटीचा दोष नाही). वरमाईचं म्हणणं, वधूपक्षाच्या साड्या जास्त क्लिअर दिसतायत. माझं आता ठाम मत झालंय की लोकांना क्लॅरिटी दागिन्यांवर हवी असते, साडीवर हवी असते, मागच्या डेकोरेशनच्या फुलांवर हवी असते आणि शेजारी उभ्या असलेल्या जावेच्या चेहऱ्यावर हवी असते.

मामेभावाची तऱ्हा वेगळी. तो ऐन जुलैत हरिश्चंद्रगडावर गेला, कोकणकड्यावर उभा राहून फोटो काढून घेतला, मागे पांढरं. नुसतं पांढरं. "धुकं काढून दे, डीहेझ असतं ना त्याच्यात." असतं. पण त्याचा हिशोब असा आहे की स्वच्छ हवेतल्या फोटोत कुठलाही छोटा तुकडा घेतला तरी त्यात काहीतरी काळसर सापडतंच, ते जितकं फिकट दिसेल तितकं तिथे धुकं जास्त असं धरून तेवढं वजा करायचं. धुक्याआड थोडं तरी काही दिसत असेल तर ते वर येतं, इथे वर यायला कोणी नव्हतंच. मी स्लायडर शेवटपर्यंत नेला, भाऊ निळा पडला, रेनकोट पेटल्यासारखा झाला आणि मागे करड्या रंगाचे डाग.

"कडा कुठाय?"

"कडा गडावर आहे."

तो अजून माझ्याशी जरा तुटकच बोलतो.

पण या सगळ्यावर कडी केली ती पणजोबांनी. गावच्या घराची वास्तुशांत निघाली, भिंतीवर पणजोबांचा फोटो पाहिजे, आणि पणजोबांचा जगात एकच फोटो, कोणाच्या तरी मुंजीतला, चुन्याच्या भिंतीपुढे मागच्या रांगेत, डोक्याला फेटा. आजी सांगते फेटा लालभडक होता, फोटोत काळा आलाय, बरोबरच आहे, जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही. काकांनी तो फोटो फ्रेममधून न काढता, काचेसकट, ट्यूबलाइटखाली मोबाइलने काढला, मेसेजवर जाताना तो दाबला गेला, कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि तो स्क्रीनशॉट माझ्याकडे आला. पणजोबांचा चेहरा जेमतेम 40 पिक्सेल. जेपेग या फोटोंच्या नेहमीच्या फाइल प्रकारात फोटो 8 बाय 8 ठिपक्यांच्या चौकोनांत दाबतात, त्यामुळे शार्पन केलं की नाक यायच्या आधी चौकोन येतात.

मी काकांना म्हटलं, "काका, फ्रेममधून काढून परत घ्या आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा."

"डॉक्युमेंट म्हणजे? त्यांचं आधार कार्ड नव्हतं गं."

तेवढ्यात भाच्याने कुठल्याशा एआय अ‍ॅपमधून पणजोबा काढून आणले. लांब पापण्या, तुकतुकीत गाल, पांढरेशुभ्र दात, संध्याकाळच्या मालिकेतला थोरला दीर शोभेल असा माणूस. जिथे माहिती नसते तिथे ही अ‍ॅपं हजारो चेहरे बघून शिकलेलं काहीतरी भरून टाकतात, दिसायला झकास, पण ते पणजोबा असायची सक्ती नाही. आजीने चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाली, "कोण हा? मामंजींना इतके दात नव्हते."

शेवटी काकांनी फ्रेममधून बाहेर काढून परत घेतलेला जरा बरा फोटो मिळाला. मी तो उघडून बसले, मागे आत्या, काका, वहिनी, "अजून थोडं, अजून थोडं" चालूच. कडा उठाव्यात म्हणून रेडियस वाढवत नेला आणि व्हायचं तेच झालं, काळ्या फेट्याच्या भोवती चुन्याच्या भिंतीवर एक पांढरा पट्टा उमटला. याला हेलो म्हणतात, शिकवणारे सगळे याला चूक म्हणतात, मी तो घालवायला स्लायडर मागे घेणार तर आत्याने माझा हातच धरला.

"थांब! हात लावू नकोस. तेज बघ कसं आलंय!"

मी रेडियस, अमाउंट वगैरे समजवायला तोंड उघडलं, पण काका हात जोडून उभे होते, वहिनीने डोक्यावर पदर घेतला होता, आणि आजी म्हणाली की हो, असंच होतं मामंजींचं, खोलीत आले की उजेड पडायचा. मग तोच फोटो 12 बाय 18 मध्ये प्रिंट झाला, लॅमिनेट झाला, त्याला हार चढला आणि वास्तुशांतीला आलेला जो तो त्याला नमस्कार करून मगच जेवायला बसत होता.

आता चुलत घराण्यातून फोन आलाय. त्यांचे आजोबा थोरल्या पातीचे, तेव्हा त्यांच्यामागे आमच्या पणजोबांपेक्षा मोठं तेज पाहिजे. रेडियस 90 वर नेलाय, बघू पसंत पडतंय का.