‘उद्योग’ या शब्दाबद्दल, आणि जमलंच तर शॉकअपबद्दल

‘मागचे शॉकअप घरी बदलताना’ या माझ्या लेखावर एका वाचकाची प्रतिक्रिया आली. खालीच चार ओळी लिहाव्यात म्हणून बसलो, पण उत्तर फारच लांबलं. म्हणून वेगळं टाकतो. प्रतिक्रिया जशीच्या तशी अशी :

“फोटो पाहिले. विटांवर गाडी ठेवून खाली शिरणं धोक्याचं आहे. मागची चाकं उचलल्यावर हँडब्रेकचा काही उपयोग नसतो, हेही लिहिलेलं नाही. खालचे बोल्ट चाकं लोंबत असतानाच पूर्ण आवळलेत, त्यामुळे बुश लवकर जातील. ‘हाताने सहज दबला म्हणजे शॉकअप गेला’ ही परीक्षाही अपुरी. चारशे रुपये मजुरी वाचवण्यासाठी सोसायटीच्या पार्किंगमध्ये असले उद्योग कशाला? ज्याचं काम त्याने करावं.”

खाली नाव नाही. ‘एक जाणकार’ एवढीच सही. ही पदवी स्वतःच स्वतःला घ्यायची असते, हे मला माहीत नव्हतं.

जाणकार महाशय, सप्रेम नमस्कार. टीकेचं मला वावडं नाही. या ब्लॉगवर नऊ वर्षांत लोकांनी माझं शुद्धलेखन काढलं, माझ्या पोह्यांच्या कृतीत दोष काढले, एकाने तर फोटोतल्या माझ्या चपलांवर लिहिलं. मी सगळ्यांना धन्यवाद म्हणालो. पण तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यापाशी मी अडलो आणि दोन दिवस तिथेच आहे.

‘उद्योग’. हा शब्द आपण दोन तऱ्हांनी वापरतो. पिंपरी-चिंचवडला असतो तो उद्योग. आणि दुपारी सगळे झोपलेले असताना लहान मूल पिठाच्या डब्याशी करतं ते उद्योग. तुम्ही अनेकवचन वापरलंत, त्यामुळे मी कुठल्या वर्गात बसतो हे स्पष्ट झालं. माझं वय ५३ आहे.

आता ते चारशे रुपये. हा आकडा आपण कुठल्या सालातून आणलात? मी तीन ठिकाणी विचारलं होतं. सिंहगड रस्त्यावर एकाने मागच्या जोडीची मजुरी बाराशे सांगितली, दुसऱ्याने नऊशे, आणि तिसरा म्हणाला, “गाडी सोडून जा, खोलल्यावर बघू.” हा तिसरा भाव सगळ्यात महाग असतो, हे गाडी असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चारशेत करणारा तुमच्या ओळखीचा कोणी असेल तर त्याचा पत्ता जपून ठेवा.

शिवाय मी पैसे वाचवले, हे तुम्हाला कोणी सांगितलं? हिशेब मांडतोच. शॉकअपची जोडी नाना पेठेतून साडेतीन हजारांना आणली. सॉकेटचा सेट २,२००. दोन लोखंडी स्टँड जुन्या बाजारातून, बुधवारी ऑफिसला उशिरा जाऊन, घासाघीस करून ९००. गंज सोडवायच्या तेलाचा डबा, हातमोजे, आणि गुडघ्याला लावायचं मलम वेगळं. म्हणजे नऊशे रुपयांच्या मजुरीसाठी मी तीन हजारांच्या वर घालवले. हा हिशेब माझ्या बायकोने मांडलेला आहे आणि तो फ्रिजवर लावलेला आहे. तेव्हा कंजूषपणाचा आरोप तरी साफ खोटा.

मग खटाटोप कशासाठी? २०१६ साली एका गॅरेजमध्ये (नाव घेत नाही, ते आता तिथे नाही) मी मागचे दोन्ही शॉकअप बदलून घेतले होते. बिलात ‘२ नग’ लिहिलेलं. बिल माझ्याकडे अजून आहे, मी बिलं टाकत नाही. परवा डावीकडचा काढला तेव्हा तो खरोखर त्या वेळचा निघाला. उजवीकडचा काढून रॉकेलच्या फडक्याने पुसला, तर काळा रंग फडक्यावर आला आणि खालून गंज निघाला. गाडीबरोबर कारखान्यातून आलेला मूळ शॉकअप होता तो, वरून नुसता रंगवलेला. एक नवा आणि एक रंगवलेला घेऊन मी इतकी वर्षं कात्रजचा घाट चढलो-उतरलो. वळणावर गाडी एका अंगाने जास्त झुलते असं मी म्हणायचो, तेव्हा घरचे म्हणायचे, तुम्हाला उगाच वाटतं.

‘ज्याचं काम त्याने करावं’. ज्याचं होतं त्यानेच केलं होतं, महाशय.

आणि मी काही आभाळातून पाना घेऊन पडलेलो नाही. माझे वडील पिंपरीला कारखान्यात फिटर होते. एकतीस वर्षं. रविवारी सकाळी आमच्या चाळीच्या बोळात वर्तमानपत्र पसरून त्यांची चेतक उघडली जायची. कार्बोरेटर, प्लग, क्लचची वायर. माझं काम बॅटरी धरायचं, आणि ती हलली तर शिव्या खायचं. काढलेला प्रत्येक नट कागदावर डावीकडून उजवीकडे, काढल्याच्या क्रमाने. लावताना उजवीकडून डावीकडे. त्या ओळीतला एक नट माझ्या पायाने उडाला तेव्हा वडिलांनी काही न बोलता सगळे उचलून परत पहिल्यापासून मांडले होते. माझ्या लेखातला चौथा फोटो पुन्हा बघा. नट कसे मांडलेत ते बघा. चेतकचा आणि चारचाकीच्या शॉकअपचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. ज्याला संबंध कळत नाही त्याला तो सांगून कळणार नाही.

गाडी आपली, तर निदान तिच्यात काय चाललंय एवढं तरी आपल्याला कळावं की नको? मी हे काम करेपर्यंत शॉकअप म्हणजे धक्का सोसणारा, असंच समजत होतो. धक्का सोसते स्प्रिंग. गाडीचं वजनही तीच पेलते. पण दाबलेली स्प्रिंग उसळते, परत दबते, परत उसळते. तिला गप्प बसवणं हे शॉकअपचं काम. आतलं तेल बारीक भोकांतून जबरदस्तीने जातं, त्यात ती उसळी जिरते आणि तिची उष्णता होते. खराब रस्त्यावरून दहा मिनिटं जाऊन आलात की शॉकअपच्या अंगाला हात लावून बघा, कोमट लागतो. हे मला कुठल्या गॅरेजवाल्याने सांगितलं नव्हतं. मी हात लावला.

आणि पुण्यात त्याला विश्रांती आहे कुठे? इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीत गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय. ताशी २५ किलोमीटरने जाणारी गाडी त्यावरून अलगद चढून उतरावी, ही कल्पना. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका रात्रीत जो उगवला त्याला मी टेप लावली. उंची १६ सेंटिमीटर, रुंदी माझ्या दीड पावलाएवढी. तो गतिरोधक नाही, उंबरठा आहे. मुख्य रस्त्याला लागेपर्यंत असे पाच. जाताना पाच, येताना पाच. टेप लावताना शेजारच्या दुकानदाराने विचारलं, “साहेब, महापालिकेतून का?” मी हो म्हणालो असतो तर चहा मिळाला असता.

असो, मुद्द्यावर येतो. तुमचे बाकीचे मुद्दे फुटकळ आहेत, ते उरकून टाकू.

विटा. तुम्ही फोटो पाहिले म्हणता, पण पाहिले नाहीत. गाडी विटांवर नव्हतीच. त्या विटा पुढच्या चाकांना अडसर म्हणून लावल्या होत्या, पुढून आणि मागून. गाडीचं वजन दोन्ही स्टँडवर होतं, आणि सोबतीला काढलेलं चाक गाडीखाली सरकवलेलं. वीट वजनाखाली अचानक फुटते, हे मला कळतं. गाडीबरोबर येतो तो जॅक फक्त उचलायला, त्याच्या भरवशावर खाली जायचं नाही, हे लेखात ठळक अक्षरांत आहे. शॉकअप सुटला की ॲक्सल खाली लोंबतो, ब्रेकच्या नळीला ताण बसतो आणि स्प्रिंग जागची निसटू शकते, म्हणून ॲक्सलखाली दुसरा जॅक हवा, हेही आहे. पुढच्या शॉकअपना घरी हात लावू नका, तिथे दाबलेली स्प्रिंग त्याच्याच अंगावर बसवलेली असते, ती सुटली तर माणूस वाचायचा नाही, हे तर दोनदा आहे. एवढं लिहिणाऱ्या माणसाला तुम्ही धोक्यावर प्रवचन देताय. आधी वाचायचं, मग लिहायचं, अशी एक जुनी पद्धत होती.

हँडब्रेक. हे मात्र मान्य. मी मोकळ्या मनाचा माणूस आहे. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो. तीच हवेत गेली की गाडीला जमिनीवर धरून ठेवणारं उरतं फक्त पुढच्या चाकांतलं गिअर आणि अडसर. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली होती, विटा लावल्या होत्या, पण ते लिहायचं राहिलं. एक ओळ वाढवली आहे. आभार.

हाताने दाबायची परीक्षा. बरं, ‘सहज दबला’ऐवजी ‘कुठलाही विरोध न करता, मध्येच पोकळ गेल्यासारखा दबला’ असं वाचा. आणि रॉडपाशी तेलाची ओली गळती होती, टायर लाटालाटांनी झिजले होते. खरा पुरावा तोच. दाबणं मी केवळ मजा म्हणून केलं. एवढा शब्दच्छल मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतसुद्धा ऐकलेला नाही.

बुश. बुश म्हणजे रबर. रबर आज ना उद्या जातंच. पुढे.

उलट तुमच्यासारख्या जाणकाराने कौतुक करावं अशा गोष्टी त्या लेखात होत्या, त्यांबद्दल एक अक्षर नाही. वरचा नट सोडताना आतला रॉड त्याच्याबरोबर गरगर फिरतो. तळमजल्यावरचे काका तत्परतेने पक्कड घेऊन आले, “धरा याने रॉड.” मी धरला नाही. त्या चकचकीत रॉडवर पकडीचा एक ओरखडा उठला की वर-खाली होताना तो सील कापतो, आणि नवा शॉकअप गळायला लागतो. मी रॉडच्या टोकाच्या चपट्या भागाला लहान पाना लावून धरला. याला म्हणतात काळजी. खालचा डावा बोल्ट दोन संध्याकाळ तेल पिऊनही हलेना, तेव्हा पान्याला पाण्याच्या टाकीचा चार फुटी लोखंडी पाइप घातला आणि वॉचमनने त्यावर भार दिला. तो सुटला तेव्हा जो आवाज झाला, त्याने दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी उघडली. सहा तास लागले, गॅरेजवाल्याला एक लागला असता. पण माझ्या गाडीचे दोन्ही शॉकअप आज नवे आहेत, आणि हे मी बिल वाचून नव्हे, पाहून सांगतोय.

तेव्हा पुढच्या वेळी प्रतिक्रिया देताना नाव लिहा. आणि ‘असले’ हा शब्द जरा जपून वापरा, तो ‘उद्योग’पेक्षाही वाईट लागतो.

कळावे.

ता. क. हे उत्तर परवा लिहून ठेवलं होतं, टाकतोय आज. मधल्या काळात त्या उंबरठ्यावरून जाताना मागून कुर्रर्र असा आवाज यायला लागला. प्रत्येक गतिरोधकाला. बायको म्हणाली, नव्याचा असेल. म्हणून रविवारी सकाळी, निव्वळ कुतूहल म्हणून, गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी केली, पहिला गिअर टाकला, चाकांना अडसर लावले, मागून पोटावर पडून हात घातला आणि खालचे बोल्ट सैल केले. सैल करताना रबराने थोडीशी गिरकी घेतली आणि ते सरळ झालं. डोळ्यांनी दिसलं. चाकं लोंबत असताना आवळल्यामुळे ते इतके दिवस पीळ पडलेल्या अवस्थेत अडकून होतं, असा निष्कर्ष मी काढला. मग गाडी तशीच उभी असताना बोल्ट परत आवळले. आवाज गेला. लेखात त्याप्रमाणे दुरुस्ती केली आहे. ती माझ्या स्वतःच्या निरीक्षणावरून आहे, याची नोंद घ्यावी.

फक्त उजवीकडचा बोल्ट आवळताना शेवटी जरा जास्तच फिरला, पकड हवी तशी आली नाही. आटे गेले असावेत का? तो उद्याच बदलावा हे बरं, की आधी नट बदलून बघावा? आपलं मत कळवा. गाडी तोवर पार्किंगमध्येच आहे.